एचओए 310 वरून 385 डॉलर, घर घ्यावं की सोडावं? तातडीने मदत हवी

सुरंगी: टाउनहाउसची ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली. लिस्टिंगमध्ये एचओए, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनचा हप्ता, महिना 310 डॉलर होता, आता एजंट म्हणते जानेवारीपासून 385. 'स्पेशल असेसमेंट' (मोठ्या खर्चासाठी हप्त्याशिवाय घेतली जाणारी वर्गणी) असंही ओझरतं बोलली आणि विषय बदलला. वकिलाला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नवरा म्हणतो, बर्फ-गवताची कटकट वाचते, घेऊन टाकू. घ्यावं का?

टेक्सासकर: अजिबात नको. आमच्याकडे कचऱ्याचा डबा रात्री बाहेर राहिला की पत्र. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन ठेवलं तर फोटोसकट नोटीस आली. एचओए नसलेलंच घर बघा.

वाटसरू: राज्य कोणतं? असेसमेंट मंजूर झालंय की नुसती चर्चा? कशासाठी?

अण्णा_कोथरूड: ट्रान्सफर फी 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, शासनाचं परिपत्रक आहे. ठणकावून सांगा.

वाटसरू: अण्णा, ते आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांना. या अमेरिकेत आहेत.

सुरंगी: न्यू जर्सी, एडिसनजवळ. किती ते माहीत नाही, 'छतांचं काहीतरी' म्हणाली. अ‍ॅटर्नी रिव्ह्यू चालू आहे, म्हणून तर शुक्रवार!

जमाखर्च: मी आमच्या बोर्डावर खजिनदार होते. रिव्ह्यूच्या तीन कामाच्या दिवसांत वकील करार नामंजूर करू शकतो, बदल मागू शकतो. आजच बजेट, रिझर्व्ह स्टडी (मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती निधी साठवायला हवा याचा अहवाल), मास्टर डीड (कॉन्डोचा मूळ दस्त), बायलॉज आणि बोर्डाच्या सभांची वर्षभराची मिनिट्स मागवा. मिनिट्स आधी वाचा. छताचा खर्च बजेटात यायच्या कितीतरी आधी तिथे दिसतो: 'गळतीची तक्रार', मग 'कोटेशनं मागवली', मग 'निधी अपुरा'.

वाढीला घाबरू नका. फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत 2021 मध्ये कोसळून 98 माणसं गेली. त्यानंतर न्यू जर्सीनेही जानेवारी 2024 मध्ये रिझर्व्हचे नियम कडक केले. वर्षानुवर्षं मुद्दाम कमी ठेवलेले हप्ते आता वाढताहेत. रिझर्व्ह रिकामा असून हप्ता 310च राहिला असता, तर मी घर सोडा म्हटलं असतं.

टेक्सासकर: हप्ता कर्ज फिटल्यावरही सुटत नाही. कर्ज देताना बँकही तो धरते, तेवढं कमी कर्ज मिळतं. त्याचं काय?

जमाखर्च: एचओए नसलेल्या घराचं छत फुकट बदलतं का? सुरंगी, कागदावर हे कॉन्डो (इमारतीचे सामायिक भाग सगळ्यांच्या मालकीचे) आहे की फी सिंपल (घर जमिनीसकट तुमचं)? टाउनहाउस हा नुसता आकार झाला. छत कोणाचं आणि विमा कोणता घ्यायचा, हे मास्टर डीडवर ठरतं.

सुरंगी: कॉन्डो. छत असोसिएशनचं. वकिलाला मेल केली, आधी मंजूर झालेलं असेसमेंट विकणाऱ्याने भरायचं असं कलम घालायला सांगितलंय. अजून एक, दोन वर्षांनी आम्ही पुण्याला परतणार, तेव्हा भाड्याने देता येईल ना?

वाटसरू: हे आधी सांगायचं ना!

जमाखर्च: मग बाकी सगळं नंतर. कितीतरी ठिकाणी भाड्याच्या घरांवर मर्यादा असते, कुठे सुरुवातीची काही वर्षं भाड्याने देताच येत नाही, कुठे यादीत नाव लावून थांबावं लागतं. मास्टर डीड आणि बायलॉजमधलं भाड्याचं कलम वकिलाकडून शुक्रवारच्या आत वाचून घ्या. सध्या किती घरं भाड्याने गेलीत, हे मॅनेजमेंट कंपनीकडून लेखी मागा. एजंटच्या तोंडी उत्तरावर सही करू नका.