टर्बाइन बंद केली, एसईसी निम्म्यावर आला. मग एस्सर्ट मिळणार का?

कागलचा_युटिलिटीवाला:
नमस्कार मंडळी. मी कागलजवळच्या एका कंपोझिट टेक्स्टाइल मिलमध्ये युटिलिटी बघतो. मिल केंद्राच्या पॅट योजनेत डेझिग्नेटेड कन्झ्युमर आहे, म्हणजे ऊर्जावापर कमी करायचं टार्गेट दिलेला उद्योग. टार्गेटपेक्षा जास्त बचत केली की एस्सर्ट नावाची प्रमाणपत्रं मिळतात, कमी पडली तर विकत घ्यावी लागतात. बेसलाइनच्या, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या वर्षी आमची स्वतःची कंडेन्सिंग टर्बाइन चालायची, वर्षाला साधारण एक कोटी युनिट. पुढे कोळसा महागला, टर्बाइन बंद झाली आणि आता सगळी वीज महावितरणची. बॉयलर फक्त प्रोसेस हाउसला वाफ देतो.

आता एसईसी, म्हणजे टनभर मालामागची ऊर्जा, काढला तर तो टार्गेटच्याही कितीतरी खाली आहे. साहेब म्हणतात, तीन हजार एस्सर्ट कुठे गेले नाहीत. मला हे पटत नाही. लूम तेच, स्टेंटर तेच, वाफेची गळतीसुद्धा तीच. हिशेब कुठे चुकतोय? आणि व्हेरिफिकेशनला ऑडिटर नेमकं काय बघतात?

बॉयलरकाका (इचलकरंजी):
तुला पटत नाही ना, मग तू योग्य वाटेवर आहेस. छत्तीस वर्षं बॉयलर हाउसमध्ये काढली, त्यातली शेवटची सात पॅटच्या कागदांत. नीट सांगतो.

एक एस्सर्ट म्हणजे एक टन तेलाएवढी ऊर्जा, म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. आता तुझी वीज बघ. बाहेरून घेतलेलं युनिट ८६० किलोकॅलरीने धरतात. घरची वीज मात्र जाळलेल्या कोळशावर मोजतात, आणि छोट्या कंडेन्सिंग टर्बाइनला युनिटमागे चार हजारांच्या वर सहज लागतात. ४,३०० धर. एक कोटी युनिटांना घरी ४,३०० टन तेल, बाहेरून घेतलं तर ८६०. फरक ३,४४०. साहेबांचे तीन हजार इथून आले.

पण तो कोळसा वाचला का? तुझ्या आवारात जळायचा तो आता एखाद्या औष्णिक केंद्रात जळतोय. म्हणून पॉवर मिक्सचं नॉर्मलायझेशन लागतं: घरच्या आणि विकतच्या विजेचं प्रमाण बेसलाइनला जसं होतं, तसंच धरून हिशेब पुन्हा मांडतात. ते लावलं की ३,४४० जवळजवळ सगळे गळून जातील. उरेल ती तुमची खरी बचत. मशिनं तीच आहेत म्हणतोस, तर फार उरणार नाही. उलट खरेदी करायची वेळ येऊ शकते, हे साहेबांना आत्ताच सांग.

दुसरी चूक सगळीकडे बघितली. टार्गेट एसईसीतून मिळवलेला एसईसी वजा करायचा आणि गुणायचं ते बेसलाइन वर्षाच्या उत्पादनाने, यंदाच्या नव्हे. टार्गेट ०.२८५, मिळवला ०.२८०, बेसलाइनचं उत्पादन २०,००० टन, तर १०० एस्सर्ट. यंदा २६,००० टन काढलं म्हणून १३० होत नाहीत. सुताचं उत्पादनही ४० काउंटला (काउंट म्हणजे सुताची बारीकी) आणून धरायचं, नाहीतर जाड सूत काढलं की किलोमागे वीज आपोआप कमी दिसते.

आता कोळशाचं. ज्या मिलमध्ये मी होतो तिचं नाव सांगत नाही, पण गोष्ट माझ्या टेबलावरची आहे. बेसलाइनच्या वर्षी आमच्या केमिस्टने लॅबच्या रिपोर्टवरचा जीसीव्ही, म्हणजे किलोभर कोळशातली उष्णता, उचलला, ५,००० किलोकॅलरी. तो होता एअर ड्राइड बेसिसवर, म्हणजे लॅबमध्ये वाळवलेल्या नमुन्याचा. बॉयलरमध्ये जातो तो ओला कोळसा. त्या इंडोनेशियन मालात टोटल मॉइश्चर २८ टक्के, वाळवलेल्या नमुन्यात १२. मग खरा जीसीव्ही ५,००० गुणिले ७२ भागिले ८८, म्हणजे ४,०९१. टार्गेट वर्षाला नवीन केमिस्ट आली, तिने बरोबर ओल्या कोळशाचा आकडा धरला. झालं! काहीही न करता इंधन अठरा टक्क्यांनी कमी. मॅनेजमेंट खूश. मी फाइल घेऊन तीन दिवस बसलो आणि चौथ्या दिवशी बेसलाइन चुकल्याचं लेखी दिलं. खूप बोलणी खाल्ली. पण नसलेल्या बचतीच्या प्रमाणपत्रावर माझी सही होणं मला सहनच झालं नसतं. आजही तेच करीन.

ऊर्जा_ऑडिटर_पुणे:
काकांचं शब्द न् शब्द बरोबर. मी व्हेरिफिकेशनला जाते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

मी आधी गेटवर उभी राहते. गेट टू गेट हिशेब आहे, तेव्हा आत काय आलं, बाहेर काय गेलं. मग कोळशाचा यार्ड: सुरुवातीचा साठा, आवक, शेवटचा साठा. स्टोअरचा आकडा बॉयलरच्या लॉगबुकशी जुळतो का, काटापावत्यांशी जुळतो का, ताळेबंदाशी जुळतो का. वीजबिलं बाराच्या बारा. मीटरचं कॅलिब्रेशन कधीचं. एकदा फ्लो मीटरचं सर्टिफिकेट टार्गेट वर्ष संपल्यानंतरच्या तारखेचं निघालं, तेव्हा त्या मीटरवर टेकलेली सगळी वाफेची बचत मी मान्य केली नाही. लॉगबुकमध्ये सलग तीन महिने एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेलं दिसलं तर शिफ्ट ऑपरेटरला बोलावून शेजारी बसवते.

तुमच्या कामगिरीचा फॉर्म ए, माझ्या पडताळणीचा फॉर्म बी. ते महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे, तिथून ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीकडे, आणि ब्युरोच्या शिफारशीवर केंद्र सरकार एस्सर्ट देतं, इलेक्ट्रॉनिक रूपात. ब्युरो चेक-व्हेरिफिकेशन लावू शकतं, तेव्हा दुसरा ऑडिटर येऊन माझंही काम तपासतो.

पैशाचं विचारलं नाहीत, पण साहेब विचारतीलच. पहिल्या फेरीत, २०१२ ते २०१५, ४७८ उद्योग होते. ३८ लाखांवर एस्सर्ट मिळाले आणि घ्यावे लागणार होते १४ लाखांच्या आसपास. मालच जास्त, मग भाव कसा टिकणार? सप्टेंबर २०१७ ला एक्स्चेंजवर १,२०० रुपयांना सुरू झालेला भाव काही महिन्यांत पार घसरला. सगळी उलाढाल १०० कोटींच्या घरात. दुसऱ्या फेरीला म्हणून १,८४० रुपयांचा तळभाव ठरवला. माझं स्पष्ट मत: टार्गेटं पहिल्यांदा सैल होती. ज्यांनी खरंच खर्च करून हीट रिकव्हरी बसवली, त्यांच्यावर अन्याय झाला. २०२३ पासून कार्बन क्रेडिटची योजना आली आहे आणि पॅटमधले उद्योग टप्प्याटप्प्याने तिकडे जाताहेत. मोजायचं एकक बदलेल. यार्ड, काटा आणि लॉगबुक तेच.

कागलचा_युटिलिटीवाला:
काका, मॅडम, मनापासून आभार. काल नॉर्मलायझेशन लावून बघितलं. तीन हजार कुठले, ६२ एस्सर्ट कमी पडताहेत. साहेबांना आकडा दाखवला, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले कंडेन्सेट रिकव्हरीचं, म्हणजे वाफेचं गरम पाणी बॉयलरला परत आणायचं, कोटेशन काढ.

काकांचं वाचून कोळशाचे जुने रिपोर्टही शोधले. बेसलाइनच्या वर्षीच्या चारांवर 'एडीबी', म्हणजे एअर ड्राइड बेसिस, लिहिलंय, बाकीच्यांवर काहीच नाही. आता?

बॉयलरकाका (इचलकरंजी):
ज्यांच्यावर काही नाही त्यांवर मॉइश्चरचा रकाना बघ. एकच आकडा असेल आणि तो १० ते १५ च्या मध्ये असेल तर बहुतेक वाळवलेल्या नमुन्याचा. टोटल मॉइश्चर सप्लायरच्या जहाजाच्या रिपोर्टात मिळेल, आवकीच्या फाइलीत जोडलेला असतो. त्या लॅबकडून बेसिस लेखी मागून घे. फोनवर विचारलेलं चालत नाही. आणि ते पत्र आल्याशिवाय फॉर्म ए ला हात लावू नकोस.