पिकअपचे शॉकअप बदलताना तुम्ही काय निवडले आणि काय भोगले?

काल माळा आवरताना गोणपाटात गुंडाळून ठेवलेले चार शॉकअप हाती लागले आणि माझीच फजिती मला पुन्हा आठवली. हे शॉकअप खराब झालेले नाहीत. बसवल्यानंतर तीनच महिन्यांत मी ते स्वतःहून उतरवले होते. रिकामी पिकअप फार हादरते, तेव्हा बाजारातले सर्वांत दणकट शॉकअप घातले की ती आपोआप मऊ चालेल, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात मात्र हौदा रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर टणकन उडू लागला. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी समजावले, की वजन पेलण्याचे काम पाट्यांचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे असते आणि शॉकअप केवळ पाट्यांची उसळी आवरतात. आतले तेल पिस्टनच्या बारीक व्हॉल्व्हमधून ढकलले जाते, उसळीची शक्ती उष्णतेत बदलते आणि गाडी स्थिरावते. व्हॉल्व्ह जितके कडक, तितका लहानसहान धक्का थेट बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचतो. त्यानंतर मी साधे, मऊ व्हॉल्व्हचे, गॅस भरलेले ट्विन ट्यूब (एका नळीत दुसरी नळी असलेले) शॉकअप घेतले आणि ते आजही समाधानकारक चालत आहेत. तुमचे अनुभव सविस्तर लिहावेत.

रिकामा हौदा
शॉकअपला हात लावण्याआधी मागच्या टायरमधली हवा तपासावी, एवढेच सांगायला आलो आहे. मी पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा वर्षभर रिकाम्या गाडीतही ठेवत होतो आणि दोष मात्र शॉकअपला देत होतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर माझ्या गाडीसाठी रिकाम्या आणि भरल्या अवस्थेचे आकडे वेगवेगळे छापलेले आहेत, हे मी फार उशिरा वाचले.

कच्चा रस्ता
माझा रोजचा मार्ग खडीचा आणि पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा आहे. तिथे ट्विन ट्यूब शॉकअप पहिला अर्धा तास उत्तम चालत, पण नंतर तेल तापून फेसाळले की गाडी होडीसारखी डोलू लागे. मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकअप घेतल्यावर हा त्रास संपला, कारण त्यात दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून वेगळ्या कप्प्यात असतो आणि नळी एकेरी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र हीच एकेरी नळी माझ्या मुळावर आली. एका टोकदार दगडाने तिला पोचा पडला, पिस्टन त्या जागी अडकू लागला आणि अवघ्या दोन महिन्यांचा शॉकअप भंगारात गेला. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला तेवढा पोचा पडला असता, तर बहुधा निभावले असते. शिवाय सपाट रस्त्यावर, कमी वेगात, मोनोट्यूब मला किंचित कडकच वाटतात.

मागची सीट
आमच्या घरी शॉकअपची परीक्षा सासूबाई घेतात. त्या मागच्या सीटवर बसून कुरकुर न करता उतरल्या, तर शॉकअप उत्तीर्ण झाले असे आम्ही समजतो. आजवर एकच जोडी उत्तीर्ण झालेली आहे.

पाना आणि मी
निवडीइतकीच बसवण्याची पद्धत महत्त्वाची असते, हे मी नुकसान सोसून शिकले. मी स्वतः गाडी जॅकवर उचलली, चाके लोंबकळत असतानाच नवे शॉकअप लावले आणि बोल्ट पूर्ण आवळून टाकले. गाडी खाली उतरताच शॉकअपच्या टोकांच्या भोकांतले रबरी बुश पिळले गेले, कारण त्यांना त्या लोंबत्या कोनातच जखडले गेले होते. राइड मऊ होण्याऐवजी चिवट झाली आणि काही महिन्यांतच बुश फाटून खडखडाट सुरू झाला. आता मी बोल्ट आधी हाताने बसवते, गाडी चाकांवर उभी करते आणि मगच ते ठरलेल्या जोराने आवळते. ट्विन ट्यूब शॉकअप बसवण्यापूर्वी तो सरळ धरून पूर्ण ताणावा, उलटा करून दाबावा आणि असे चार-पाच वेळा करावे, म्हणजे आडवा पडून राहिल्याने कामाच्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. पुढच्या बाजूला शॉकअपभोवतीच स्प्रिंग असेल, तर मात्र ते काम मी गॅरेजवर सोपवते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतू शकते.

कच्चा रस्ता
ताई, तुमचे वाचून आत्ताच गाडीखाली जाऊन आलो. माझे बुशही पिळलेलेच दिसत आहेत, तेव्हा मोनोट्यूबला कडक म्हटलेले माझे वाक्य तूर्त स्थगित समजावे.

उंच गाडी
मी मागच्या बाजूला ठोकळे घालून गाडी दोन इंच उचलली होती आणि शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले होते. प्रत्येक खड्ड्यात चाक खाली गेले की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठक्क असा आवाज येई. मी तो आवाज आठवडाभर सायलेन्सरमध्ये शोधत राहिलो, याचे आता हसू येते. नवे घेताना पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली अशा दोन्ही लांब्या जुळवाव्यात.

पाटेवाला
माझ्या गाडीत शॉकअप बदलूनही काहीच फरक पडला नाही. अखेर पाटे उतरवले, तेव्हा त्यांच्यामधल्या चकत्या झिजून गेलेल्या होत्या आणि पाट्याचे टोक चॅसीला जोडणारे हलते शॅकल गंजून जाम झाले होते. पाटे एकमेकांवर सरकतच नव्हते, मग शॉकअप बिचारे आवरणार तरी काय? तसेच, मागचा भाग बसतो म्हणून मी एकदा हवा भरायचे शॉकअप लावले होते आणि सगळा भार शॉकअप जिथे बोल्टने अडकवतात त्या कानावर येऊन तो कानच चिरला. भार वाढवायचा असेल, तर उपाय पाट्यांवर करावा.

अवजारपेटी
धागाकर्ते, माळ्यावरच्या त्या चार शॉकअपविषयी विचारायचे आहे. माझ्या हौद्यात अवजारांची लोखंडी पेटी आणि वरचे छत कायमचे बसवलेले आहे, त्यामुळे गाडी कधीच रिकामी नसते आणि मऊ शॉकअपवर ती वळणात झुलत राहते. तुम्हाला नको असलेले कडक व्हॉल्व्ह कदाचित मला हवेच असतील. गाडीचे मॉडेल तेच आहे का?

धागाकर्ता
मॉडेल व्यक्तिगत निरोपातून कळवतो. दोन्ही लांब्या आणि बुशच्या भोकाचा व्यास उद्या सकाळी मोजतो. ते जुळले, दांड्यावर गंज नसला आणि तेल गळत नसेल, तर चारही तुमचे.