मदत हवी आहे: एडिटर स्क्रिप्ट ओळखतो, पण उबुंटूवर ती चालत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम रोज संध्याकाळी ऑफिसच्या उबुंटू (लिनक्स) पीसीवर उतरवून घ्यायला दोन स्क्रिप्ट लिहिल्यात, एक बॅशमध्ये (टर्मिनलच्या आज्ञांची, म्हणजे शेलची भाषा), एक पायथनमध्ये. लिहायचं काम घरी, विंडोज लॅपटॉपवर व्हीएस कोडमध्ये. तिथून गिटने (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) उबुंटूवर.

पायथनची फाइल ‘परमिशन डिनाइड’ म्हणते. बॅशच्या फाइलला एक्स्टेन्शन नाही. तिला सीएचमॉड प्लस एक्स (चालवायची परवानगी) दिलं तर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं आणि बॅशच्या नावाला ^ आणि एम चिकटलेले दिसतात. व्हीएस कोड मात्र दोन्ही बरोबर ओळखतो. खाली उजवीकडे पायथन, शेल स्क्रिप्ट असं लिहून येतं, रंगही बरोबर. एक्स्टेन्शन नसताना त्याने शेल ओळखलं कशावरून? आणि ‘ही फाइल चालवता येते’ अशी खूण नेमकी कुठे असते? टर्मिनलमध्ये काही फाइली हिरव्या दिसतात, एडिटरच्या यादीत तसं काही नाही.

जुन्या जॉबचा प्रोग्रॅम हरवला तर सेटिंग पहिल्यापासून करावं लागतं आणि पार्टी तर थांबत नाही. त्यामुळे तात्पुरता जुगाड नको, मुळातून समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भावा, फाइल ओळखणं आणि ती चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडिटर आधी नाव आणि एक्स्टेन्शन बघतो, त्यावरून कळलं नाही तर पहिली ओळ. तुझ्या बॅश फाइलच्या सुरुवातीला #! आणि पुढे बॅशचा पत्ता असणार. त्या ओळीला शिबँग म्हणतात. विम आणि ईमॅक्स हे एडिटरही तिच्यावरून भाषा ओळखतात.

पण एडिटरला ती ओळ रंगापुरती लागते. खरा तिचा उपयोग कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला. पहिले दोन बाइट #! असले की तो पुढचा पत्ता वाचतो आणि फाइल त्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. १९८० साली बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ही सोय युनिक्समध्ये आणली. आता तुझी अडचण बघ. विंडोजच्या पद्धतीत ओळीच्या शेवटी सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) अशी दोन न दिसणारी अक्षरं पडतात. लिनक्स फक्त एलएफला ओळ संपली असं धरतो, म्हणून सीआर पत्त्यातच राहतो आणि त्या नावाचा प्रोग्रॅम डिस्कवर सापडत नाही. तुला दिसलेला ^ आणि एम म्हणजे तोच सीआर. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत सीआरएलएफ लिहिलेलं असेल, त्यावर क्लिक करून एलएफ कर. पायथनच्या फाइललाही कर, नाहीतर परमिशन दिल्यावर ती पण तिथेच अडकेल. शिवाय डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये दोन्ही नावांपुढे ‘टेक्स्ट ईओएल=एलएफ’ लिहून ठेव, म्हणजे पुन्हा बिघडणार नाही.

राहिली परमिशन. ती फाइलच्या मजकुरात नसतेच, फाइलसिस्टिम वेगळी नोंदवते. टर्मिनलमधला हिरवा रंग त्या नोंदीचा. विंडोजवर ही नोंद (एक्स बिट) नाही, त्यामुळे तिथून गिटमध्ये टाकलेली नवी फाइल १००६४४ (साधी, न चालणारी) म्हणून जाते. तुला हवाय १००७५५ (चालवता येणारी). लॅपटॉपवरच ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ आणि पुढे फाइलचं नाव देऊन कमिट कर. उबुंटूवर पुल केलं की बिट आपोआप येईल.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एक भर घालते: फाइल ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ (बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) म्हणून सेव्ह झाली असेल तर #! च्या आधी तीन बाइट बसतात आणि कर्नलला शिबँग दिसतच नाही. तेही त्याच पट्टीत तपासा. पुढेमागे उबुंटूवरच लिहिणार असाल तर ईमॅक्समध्ये एक छान सोय आहे, शिबँग असलेली फाइल सेव्ह करताच एक्स बिट लावणारा हुक (आपोआप चालणारी आज्ञा). मला ही पद्धत सगळ्यात पटते.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! दोन्ही चालल्या, हिरव्याही दिसतात. शेवटची शंका: पायथनच्या पहिल्या ओळीत थेट /यूएसआर/बिन/पायथन३ ठेवू की ईएनव्ही या आज्ञेमार्फत? स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालवायची आहे.

प्रतिसाद १

ईएनव्ही पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) शोधतो आणि क्रॉनचा पाथ तुझ्या टर्मिनलपेक्षा तोकडा असतो. एकच पीसी आहे, थेट पत्ता ठेव. व्हेन्व्ह (पायथनचं प्रोजेक्टपुरतं वेगळं वातावरण) वापरत असशील तर त्याच्या आतल्या पायथनचा पूर्ण पत्ता दे.