रेल्वेच्या संचातून दुसरे काय उभारता येईल?

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर): नमस्कार. माझ्या मुलाकडे लेगो सिटीचा ६०१९७ क्रमांकाचा, ६७७ तुकड्यांचा प्रवासी गाडीचा संच आहे. ती गाडी अनेकदा जोडून-सोडून झाली असून आता त्याच तुकड्यांतून, नवीन काही विकत न घेता, वेगळी प्रतिकृती करण्याचा त्याने हट्ट धरला आहे. नमुने कोठे पाहावेत?

उत्तर: रीब्रिकेबल या संकेतस्थळावर संचाचा क्रमांक टाकून पर्यायी बांधणीचा विभाग पाहावा. तेथील काही आराखडे मोफत, तर काही विकत मिळतात; पैसे भरण्यापूर्वी तुकड्यांची यादी अवश्य ताडून पाहावी.

दुसरे उत्तर: आपल्या जिल्ह्यातच सुंदर नमुना आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघ्या ७६२ मिलिमीटर अंतराचे होते, त्यामुळे त्या गाडीचे आटोपशीर इंजिन थोड्या तुकड्यांतही ओळखू येईल असे साधते. आधुनिक गाडीचा निमुळता दर्शनी भाग मात्र बाजूला ठेवावा, कारण वाफेच्या इंजिनाला तो मुळीच शोभत नाही. शिवाय संचातील रुळांच्या सोळा वक्र तुकड्यांचे वर्तुळ बरेच घट्ट असते. डब्याखालची चाके मोकळी वळली नाहीत, तर गाडी हमखास घसरते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. काल रात्री आम्ही तुकडे रंगांप्रमाणे ताटांत वेगळे केले आणि चाकांच्या जोड्या वाटीत ठेवल्या; बार्शी लाइट रेल्वेच्या त्या छोट्या गाडीपासूनच आरंभ करू.