घरी दणका, स्टेजवर गायब

वर एक जण म्हणतोय की बेस गिटारला वेगळा फझ, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारा पेडल, कशाला, साध्या गिटारचा बिग मफ नावाचा फझ पुरतो. घरी एकट्यानं वाजवायला पुरतो ना, शंभर टक्के! पण मी लातूरला गणपतीत तोच घेऊन चढलो, ढोलकी न् ऑक्टोपॅड सुरू झालं अन् पेडल दाबला की बेस गायबच, गायक मागं वळून बघायला लागला, वायर निघाली का काय म्हणून. मफ मधल्याच फ्रिक्वेन्सी खातो अन् गर्दीत बेस ऐकू येतो तो तिथंच, वरून तार छेडल्याचा ठोकाही दबतो. म्हणून क्लीन, म्हणजे फझ न लागलेला आवाज सोबत मिसळायची सोय असलेला बेसचा पेडल बघा, बॉसच्या ओडीबी-३ वर त्यासाठी बॅलन्सचा नॉब आहे, बेस बिग मफला ड्राय स्विच.

अजून एक, जे इथं कोणीच बोललं नाही. जुनाच पेडल ठेवून क्लीन लाइन वेगळी काढून मिसळणार असाल तर काही फझ सिग्नलची फेज उलटी करतात, म्हणजे लाटेची वरची बाजू खाली, मग दोन्ही एकमेकाला कापतात. खालची ई तार, म्हणजे ४१ हर्ट्झ, मोकळी वाजवून बघा, दोन्ही मिळून आवाज एकट्या क्लीनपेक्षा लई पातळ आला तर हीच भानगड. माझे दोन रविवार गेले ह्यात, मी आपला केबलीच बदलत बसलो होतो.