पदवी की उमेदवारी? ‘कॉलेज बंद करा’वाल्यांना उत्तर

शिक्षिका: ‘कॉलेज म्हणजे तीन वर्षांची नासाडी, पोरांना सरळ उमेदवारीला, म्हणजे कारखान्यात काम करत शिकायला पाठवा’ या मताला कालपासून नुसती वाहवा मिळतेय. मी पदवीच्या वर्गांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे एकेकाळी केवढे मानाचे कारागीर होते. फोटोटाइपसेटिंग आणि संगणक आले, काही वर्षांत ते कसबच गेलं. चाळिशीतल्या माणसाने मग जायचं कुठे? हानुशेक वगैरे अर्थतज्ज्ञांनी 11 देशांची आकडेवारी तपासून 2017 मध्ये हेच दाखवलं: व्यवसायशिक्षण घेतलेल्यांना पहिली नोकरी लवकर लागते, पण वय वाढतं तसा तो फायदा ओसरतो.

लेथमास्तर: बाई, चाळिशीचं नंतर बघू, बाविसाव्या वर्षी घरी बसलेल्याचं काय? पदवी घेऊन येतात आणि मायक्रोमीटरचं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाचं, रीडिंग घेता येत नाही. जर्मनीत 1969 पासून उमेदवारीचा कायदा आहे, 300 हून अधिक व्यवसाय त्यात येतात. पोरगं कारखान्यात शिकतं, शिवाय आठवड्यातून एकदोन दिवस शाळेत. याला नासाडी म्हणायचं?

बिनपगारी: जर्मनीचं कौतुक पुरे. मी उमेदवारी केली आहे. यंत्राला हात लावू दिला नाही. माल उतरवा, फरशी पुसा, निरोप पोचवा. मुदत संपली, कायम करायची वेळ आली, की नवी बॅच. शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हमाल.

लेथमास्तर: आम्हीही फरशी पुसली. उस्ताद काम करताना बघूनच शिकलो. ज्याला शिकायचं असतं तो शिकतो.

बिनपगारी: म्हणजे मी कामचुकार? तुमच्या हाताखाली किती पोरं राबली आणि किती कायम झाली, ते सांगा आधी.

लेथमास्तर: तोंड सांभाळून बोला. माझ्याकडची पोरं आज यंत्रावर स्वतः जॉब सेट करतात.

मधलीवाट: दोघंही मूळ प्रश्नावरून घसरलात, पण शिकाऊला मालक खरंच शिकवतो का, हा मुद्दा मोठा आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2017 पासून पगारावर 30 लाख पौंडांहून जास्त खर्च करणाऱ्या कंपन्यांवर 0.5 टक्के कर लागला, उमेदवारी वाढावी म्हणून. झालं उलट. नव्या उमेदवाऱ्या घटल्या, आणि कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी वापरता येणाऱ्या त्या कराच्या पैशातून आधीच नोकरीत असलेल्यांना व्यवस्थापनाचे कोर्स करवले. मालकावर सोडलं की हे असं होतं. जर्मनीत अंतिम परीक्षा मालक घेत नाही, चेंबरचं, म्हणजे उद्योग-व्यवसायांच्या संघटनेचं, परीक्षक मंडळ घेतं. त्यामुळे पोराला काय येतं ते उघड होतं.

शिक्षिका: आणि त्याच जर्मनीत बऱ्याच राज्यांत दहाव्या वर्षीच कॉलेजकडे जाणाऱ्या आणि कामाकडे वळणाऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, ते कोणी बोलत नाही. कुणाची पोरं कुठल्या शाळेत जातात, हेही सांगायला नको.

मधलीवाट: मान्य. पण स्वित्झर्लंडमध्ये उमेदवारीसोबत जादा परीक्षा देऊन उच्च शिक्षणाकडे वळता येतं. दार उघडं ठेवलंय त्यांनी.

शिक्षिका: तसं दार असेल तर माझा विरोध नाही. मात्र भरतीच्या जाहिरातीत ‘पदवीधरच हवा’ ही अट आहे तोवर मी माझ्या विद्यार्थ्यांना कॉलेज सोडा म्हणणार नाही.

लेथमास्तर: ती अट चुकीची आहे, एवढं बाईंचं बरोबर. परीक्षा बाहेरच्यांनी घ्यावी, हेही चालेल. आमच्या पोरांना भीती नाही.

बिनपगारी: आणि कायम किती झाली? उत्तर अजून आलं नाही.