मदत हवी आहे : टीव्ही शोच्या शूटिंगला प्रेक्षक म्हणून जायचंय (पुण्याहून, सोबत सत्तरीची मावशी)

नमस्कार मंडळी,

माझी मावशी धनकवडीत राहते. वय सत्तरीपुढे, गुडघे कुरकुरतात, कान मात्र तिखट. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्याकडे रात्रीचं जेवण त्या वेळेला बांधलेलं आहे. त्या वेळात तिला फोन केला तर "मेलं कोण?" एवढंच विचारते. आता तिने टुमणं लावलंय की एकदा तिथे समोर बसून हसायचंय. हास्यजत्राच हवी असं नाही, मराठीतला दुसरा एखादा विनोदी किंवा गाण्यांचा कार्यक्रमही तिला चालेल.

प्रेक्षकांचे पास नक्की मिळतात कसे? कुणी म्हणतं वाहिनीच्या पेजवर लक्ष ठेव, कुणी म्हणतं ओळखीशिवाय काही होत नाही. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गृहस्थ "दोन पास आहेत, आधी जीपे करा" म्हणतायत. मी अजून काही पाठवलेलं नाही, पण मावशीचा धीर सुटत चाललाय.

दुसरं म्हणजे वेळ. अर्ध्या-पाऊण तासाच्या भागासाठी किती वेळ बसावं लागतं? मध्येच उठून बाथरूमला जाता येतं का? तिला मधुमेह आहे, पर्समध्ये खाणं नेऊ देतात का? शूटिंग गोरेगावच्या फिल्मसिटीत असेल तर त्याच रात्री पुण्याला परतता येईल का, की मुक्कामच धरून चालू? आणि कपडे? तिने पैठणी इस्त्रीला टाकूनसुद्धा झालीय, म्हणून घाईने विचारतेय.

प्रतिसाद

ताई, जीपे अजिबात करू नका. प्रेक्षक म्हणून बसायला पैसे पडत नाहीत, उलट पुष्कळ ठिकाणी प्रेक्षकांनाच पैसे मिळतात. मी काही वर्षं रिअ‍ॅलिटी शोच्या फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगच्या स्टुडिओत, काम केलंय, म्हणून सांगतो. दिवसभर खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात आणि हौशी माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर गायब होतो, त्यामुळे निर्मिती संस्था कोऑर्डिनेटरकडून शिफ्टच्या हिशेबाने माणसं मागवते. उरलेल्या जागा कलाकारांच्या, स्पर्धकांच्या आणि वाहिनीच्या पाहुण्यांच्या. तुम्हाला शिरायचंय ते या उरलेल्यांत. तेव्हा वाहिनीच्या अधिकृत पेजवर लिहा, शोच्या शेवटी नावं सरकतात त्यांतली निर्मिती संस्था बघून तिथे मेल करा. मावशींचं वय आणि गुडघे मेलमध्येच लिहा. त्याने काम बिघडत नाही, झालं तर सोपंच होतं.

वेळेचं म्हणाल तर सगळा दिवस गेला असं समजा. एका दिवसात एकाहून जास्त भाग उरकायचे असतात. बोलावतात सकाळी, पहिला टेक लागतो लाइट आणि कॅमेरे बसल्यावर. मग कुणाचा तरी माइक खरखरतो. प्रेक्षकांच्या टाळ्या, हशा, 'वा वा' हे पुष्कळदा वेगळंच चित्रित करून ठेवतात, म्हणजे समोर कुणी नसताना फ्लोअर मॅनेजरच्या हाताकडे बघून हसायचं. मावशींना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिथे हिरमुसतील. टेक चालू असताना उठता येत नाही, दोन टेकच्या मध्ये हात वर करून जाता येतं. मोबाइल बाहेर जमा करतात किंवा बंद ठेवायला लावतात, आणि तुमचा चेहरा दाखवायला हरकत नाही अशा कागदावर सही घेतात. खाण्याचं मात्र दारावर वाद घालत बसू नका. मधुमेह आहे हे आधी कळवून परवानगी घ्या.

गुडघ्यांसाठी खरी अडचण वेगळीच आहे. प्रेक्षकांची बैठक लाकडी पायऱ्यांची असते, पायऱ्या उंच, धरायला कठडा असेलच असं नाही. आत जाताना कोऑर्डिनेटरला खालची, कडेची जागा मागा. मधल्या पुढच्या जागा कॅमेऱ्यात बऱ्या दिसणाऱ्या तरुण मंडळींना देतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि एसी इतका मारतात की शाल हवीच.

प्रतिसाद

प्रवासाचं मी सांगते. मी भाचीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी गोरेगावला जाऊन आलेय. परतीला डेक्कन क्वीन मनातून काढून टाका, ती संध्याकाळी पाच-दहाला सीएसएमटी सोडते, तेव्हा तुमचं शूटिंग रंगात आलेलं असेल. जातानाही दादरला उतरून पश्चिम रेल्वेचे जिने चढणं मावशींना झेपणार नाही. त्यापेक्षा बोरिवलीची बस बरी, फक्त ती वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने जाणारी आहे ना ते चढतानाच विचारून घ्या. काही बस ठाणे-घोडबंदरवरून जातात. गोरेगावला हायवेवर उतरून फिल्मसिटीला रिक्षा. आत चित्रनगरीचा पसारा मोठा आहे, त्यामुळे फ्लोअरचा नंबर आधी मागून घ्या. पॅकअप कधी होईल ते कुणीच सांगत नाही. मुक्काम धरा, नातेवाईक असतीलच कुणीतरी मुंबईत. पुणेकरांचे असतात.

प्रतिसाद

एवढा खटाटोप करून खोटं हसायला जायचं? हास्यजत्रेतले बरेच जण नाटकांतून कामं करतात. पुण्यातच बालगंधर्व किंवा यशवंतराव नाट्यगृहात पुढच्या रांगेचं तिकीट काढा, मावशींना मधल्या सुट्टीत वडा खायला घाला, प्रयोगानंतर आत जाऊन भेटवा. रात्री घरच्या गादीवर झोप.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपेवाल्यांना ब्लॉक केलं. वाहिनीला आणि निर्मिती संस्थेला आजच मेल टाकते. नाटकाची कल्पना मावशीला सांगितली तर म्हणाली, "नाटक बघितलंय गं, टीव्हीत मी कुठे दिसतेय?" म्हणजे खरा मुद्दा हा होता. आता फक्त कपड्यांचं सांगा. पैठणी मोरपिशी आहे, जरीचे काठ रुंद.

प्रतिसाद

मोरपिशी चालेल. बारीक चौकडीचं किंवा बारीक रेघांचं नको, कॅमेऱ्यात ते थरथरल्यासारखं दिसतं. पांढराशुभ्रही टाळतात. रुंद जरीवर लाइट चमकला तर मागच्या रांगेत बसवतील, म्हणून एक साधी, गडद साडी पिशवीत असू द्या. दोन भागांचं शूटिंग असेल तर बदलायलाही लागते.